पुडी पाजली तरी हगवण थांबेना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी विनंती आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा:

श्रावणात त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला हगवण लागली. दिवसातून सात-आठ वेळा, नुसतं पाणी. आशाताईंनी ओआरएसच्या दोन मोठ्या पुड्या दिल्या. मुलगा एका वेळी घोट-दोन घोटांच्या वर पीत नाही, म्हणून आईने अख्खी पुडी एका पेल्यात कालवली. कमी प्यायला तरी औषध पूर्ण पोटात जाईल, हा हिशेब. मुलाने तोंड वाकडं करत अर्धा पेला कसाबसा संपवला, ओकला, आणि रात्रभर पाणी मागत किरकिरत राहिला. हगवण वाढली. सासूबाईंनी पाण्याचा गडवाच उचलून ठेवला: “पानी नोको पाजू, जितकं पाजशीन तितकं हागन.” दुसऱ्या दिवशी दीर तालुक्याहून फळांच्या चवीचं ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेलं पेय घेऊन आले. ते मुलाला आवडलं, पण हगवण तशीच. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तिसऱ्या दिवशी लेकरू अंगणात खेळायला लागलं. तेव्हापासून घरात ठरून गेलं आहे की पुडी लेकरांना सोसत नाही, सलाईनच खरं.

त्या विचारतात, पुडी घरात ठेवावी की फेकावी? सासऱ्यांना बीपी आणि शुगर आहे, त्यांना ती चालते का? नवरा उन्हाळ्यात शेतात जाताना रोज एक पुडी पाण्याच्या बाटलीत टाकून नेतो, ते बरं की वाईट? शेवटची ओळ अशी आहे: “चूक माझीच झाली का, हे खरं खरं सांगा.”

ताई, शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. हो, एक चूक झाली, आणि ती मापाची होती. पण माप तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? पुडीवर ते छापलेलं असतं खरं, बारीक अक्षरात, आणि पुष्कळदा इंग्रजीत. रात्री लेकरू हगवणीने निपचित पडलेलं असताना ते वाचत कोण बसतं? मी आरोग्य केंद्रात होते तेव्हा शिकलेसवरलेले लोकसुद्धा पुडी फोडून चमचाभर पावडर लेकराच्या जिभेवर ठेवताना पाहिले आहेत. तुमचा हिशेबही वेड्यासारखा नव्हता. गोळीच्या बाबतीत तो बरोबरच ठरतो. गोळी घोटभर पाण्यासोबत घेतली काय आणि तांब्याभर पाण्यासोबत घेतली काय, औषध तेवढंच जातं. ओआरएसमध्ये मात्र पाणी हेच औषध आहे, आणि पावडर त्या पाण्याला आतड्यातून अंगात घेऊन जाते.

ते कसं, हे सांगते. कारण कळलं की माप लक्षात राहतं. आपल्या आतड्यात मीठ आणि ग्लुकोज बैलजोडीसारखे एका जुवाखाली आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाण्याची गाडी आत ओढली जाते. हगवणीतसुद्धा ही वाट बहुतेक वेळा चालू राहते, आणि सगळी करामत तिथेच आहे. एकटं मीठ किंवा एकटी साखर एवढी कामाची नाही. आणि जोडी सारख्या ताकदीची हवी. आजच्या पुडीचं सूत्र २००२ पासूनचं आहे: एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. त्याआधीची पुडी जास्त दाट असायची. ती पातळ केल्यावर लेकरांच्या उलट्या आणि हगवण दोन्ही कमी झाली, म्हणून ती बदलली. तज्ज्ञांनी जे आणखी पातळ केलं, ते आपण लिटरभर पाण्याची पुडी पेल्यात कालवून पाचपट दाट करून बसलो.

दाट केल्याने काय होतं, ते तुम्ही दर उन्हाळ्यात पाहता. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. साखरांब्यासाठी साखर घातली तरी तेच. पेल्याभर पाण्यात अख्खी पुडी गेली की लेकराच्या आतड्यात हेच होतं: पाणी आत जायच्या ऐवजी अंगातलं पाणी बाहेर सुटतं, हगवण वाढते. जे मीठ रक्तात जातं, त्याने तहान भडकते. तुमचा मुलगा रात्रभर पाणी मागत होता ना? तो अगदी बरोबर मागत होता. मीठ फार चढलं तर लेकरू चिडचिडं होतं, मग सुस्तावतं, क्वचित झटकेही येतात. असं दाट पाणी पाजलं गेल्याचं लक्षात आलं तर उरलेलं फेका, साधं पाणी चमच्याचमच्याने द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगा. लाज बाळगली तर त्यांना अंधारात चाचपडावं लागतं.

आता तुमच्या घरातल्या निकालाकडे येऊ. पुडीने हगवण थांबली नाही, म्हणून ती निकामी ठरली. पण हगवण थांबवणं हे तिचं काम नाहीच. टाकीचा नळ गळतोय आणि दुरुस्त करणारा दोन-तीन दिवसांनी येणार आहे, तर तोवर आपण काय करतो? टाकी रिकामी होऊ नये म्हणून वरून पाणी घालत राहतो. लेकरांची पाण्यासारखी हगवण बहुतेक वेळा काही दिवसांत आपणहून आटोपते. तोवर अंगातलं पाणी आणि क्षार कमी पडू द्यायचे नाहीत, एवढंच ओआरएसचं काम. सलाईनही तेच करतं, फक्त शिरेतून. तुमचा मुलगा तिसऱ्या दिवशी खेळायला लागला, याचं श्रेय सलाईनला थोडं द्या, पण तिसऱ्या दिवसालाही द्या.

सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पोटात काही गेलं की आतडं हलतं आणि लेकरू लगेच बसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी बंद केलं की संडासचे फेरे कमी दिसतात, हेही खरं. पण ते कमी दिसतात कारण बाहेर टाकायला अंगात पाणी उरलेलं नसतं. लघवीही तेव्हा कमी होते, तिकडे कोणी पाहत नाही. त्यांना वाद घालून पटवू नका. संडास मोजण्याऐवजी लेकराने लघवी किती वेळा केली, ते मोजायला सांगा.

सलाईन मोठं आणि पुडी छोटी, हा समज आपल्याकडे फार रुजला आहे. बाटली टांगली, सुई टोचली, पैसे दिले की इलाज झाल्यासारखा वाटतो. सरकारी पुडी फुकट, म्हणून हलकी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला होता. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पेल्यापेल्याने पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्या होत्या आया, बहिणी, आज्या. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. बांगलादेशात या पाण्याला लोक आजही ‘खाबार सलाईन’ म्हणतात, म्हणजे तोंडाने घ्यायचं सलाईन. हे नाव तुमच्या घरात वापरून पाहा, पुडीचं वजन वाढेल.

सलाईन लागतंच अशा वेळाही असतात, त्या पुढे सांगते. आधी माप.

पुडी दोन आकारांत मिळते. मोठी साधारण २१ ग्रॅमची, एक लिटरला. छोटी चार-साडेचार ग्रॅमची, २०० मिलीला. वजन आणि ‘किती पाण्यात’ हे दोन्ही पाकिटावर असतं, तेवढंच शोधा. आता घरात लिटर कुठून आणायचा? दुकानातली एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली ठेवा, ती सगळ्यात भरवशाची. तिच्याने एका गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ओता आणि पातळीपाशी बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. स्टीलचे पेले प्रत्येक घरात वेगळे असतात, कोणता १५० मिलीचा, कोणता २५०चा, त्यावर विसंबू नका. लिटरच्या बाटलीतून बरोबर पाच पेले भरले तर तुमचा पेला २०० मिलीचा. छोट्या पुडीसाठी कोणी दारूच्या पव्व्याची रिकामी बाटली सुचवेल. ती १८० मिलीची असते, आणि दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात ती कुठून आली हा प्रश्न वेगळाच.

मोठी पुडी अर्धी-अर्धी करू नका. हाताने केलेले दोन भाग कधी सारखे होत नाहीत. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, आणि लेकरू त्यातलं लागेल तेवढंच पिईल. उरलेलं झाकून ठेवा, २४ तासांनी फेका. पुडी फुकट आहे, तिचा लोभ नको. पाणी आधी उकळून गार केलेलं, किंवा मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचे, थेंब टाकून अर्धा तास ठेवलेलं. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही. त्यात साखर, ग्लुकोज पावडर, दूध, सरबत काहीही घालायचं नाही.

अकोला, अमरावती, बुलडाणा या भागातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम: तुमच्या बोअरचं पाणी मुळातच खारं आहे. त्यात पुडी कालवली की मीठ मापाबाहेर जातं. नळयोजनेचं किंवा फिल्टरचं गोडं पाणीच घ्या.

पाजायचं किती? दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला. तुमच्या मुलासारख्या दोन ते दहा वर्षांच्या लेकराला अर्धा ते एक पेला. मोठ्यांना हवं तेवढं. पेला पाहूनच तुमचा धीर सुटला असणार, कारण तो घोटाच्या वर पीत नाही. मग घोटच द्या. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिली. दर मिनिटाला एक चमचा दिला तर वीस मिनिटांत १०० मिली झाले. बाटलीने किंवा पेल्याने गटागटा पाजण्यापेक्षा हे जास्त टिकतं, उलटीही कमी होते. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, यावेळी दोन-तीन मिनिटांना एक चमचा. ‘ओकला म्हणजे सोसत नाही’ असं समजून इथेच सगळे सोडून देतात. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन तास चालतं, आणि तुम्हाला चूल आहे, गोठा आहे, वावर आहे. ते सासूबाईंच्या हाती सोपवा. मांडीवर नातू, हातात चमचा. ज्या बाईने पाणी बंद केलं होतं, तिच्याच हातून ते जाऊ द्या. तास-दोन तासांत लेकराच्या डोळ्यांत तरतरी आलेली तिला दिसली की मला काही सांगायची गरज उरणार नाही.

दिरांनी आणलेल्या डबीबद्दल. तशा पेयांत साखर पुडीच्या कितीतरी पट असू शकते आणि मीठ बरंच कमी. साखरांब्याचं पाणी आठवा. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, डबीवरची अक्षरंच अशी मांडलेली असायची की कोणालाही औषध वाटावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. पण ‘इलेक्ट्रोलाइट’, ‘एनर्जी’ असे शब्द दुकानात राहणारच. वाचायचं काय, तर मागच्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, आणि साखर किती. १०० मिलीला दीड ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असेल तर ते ओआरएस. आठ-दहा ग्रॅम असेल तर ते सरबत. हगवणीत सरबत नको.

रात्री पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे सुरीच्या पाठीने वरचं उतरवलेलं. शीग लावून मीठ घातलं की पुन्हा तोच घोळ. पाजण्याआधी स्वतः चाखा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे सकाळी पुडी आणाच. भाताची पेज, मीठ घातलेला मठ्ठा, वरणाचं पाणी हेही जोडीला चालतं.

अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध मुळीच तोडू नका. मोठ्या लेकराला मऊ खिचडी, केळं, दही-भात द्या, उपाशी ठेवू नका. कोरा चहा पाजून दिवस काढू नका. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मागा: सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, हगवण थांबली तरीही. त्यापेक्षा लहान बाळासाठी दवाखान्यातच विचारा. हगवण ‘बांधणारी’ मोठ्यांची गोळी लेकराला कधीच देऊ नका.

आता सलाईनची वेळ. लेकरू पाणी गिळेनासं झालं, काही दिलं की लगेच ओकतं, सुस्त पडून राहतं, डोळे खोल गेले, रडताना आसू येत नाहीत, सहा तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी ती हळूहळू खाली जाते, संडासात रक्त आहे, किंवा ताप जोरात आहे: यातलं एकही दिसलं तर घरात थांबू नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. १०८ ला फोन करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडीत बसल्यावरही, लेकरू शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर चमचा चालू ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तासभराचा रस्ता अर्ध्या दिवसाचा होतो, तो वेळ पुडीच सांभाळते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र थेंबही टाकायचा नाही, तो श्वासनळीत जातो.

सासऱ्यांचं. शुगर आहे म्हणून हगवणीत ओआरएस टाळू नका. मापाने केलेल्या २०० मिलीच्या पेल्यात ग्लुकोज २.७ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षा कमी. त्यांच्या चहात याहून जास्त जात असेल. बीपीचं थोडं वेगळं आहे. नुसतं बीपी असेल तर हगवण चालू असेतोवर पुडी चालते. हृदय कमजोर असेल, किडनीचा त्रास असेल, पायावर सूज येत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. दुसरं म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, बीपीच्या आणि शुगरच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला जड जातात, त्या दोन दिवस थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका. हगवण नसताना ‘ताकद येते’ म्हणून त्यांना पुडी देऊ नका. ते रोजच्या मिठात उगाच भर घालणं आहे.

आणि तुमचे मालक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ-पाणी लागतं यात वाद नाही. पण शिदोरीत भाजी-भाकर, ठेचा, लोणचं असतं, रोजचं मीठ त्यातून येतंच. धडधाकट माणसाला भरपूर साधं पाणी, मीठ घातलेला मठ्ठा, कैरीचं पन्हं, लिंबू-पाणी पुरतं. ज्या दिवशी घाम धो-धो गेला, पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरलं, त्या दिवशी एक लिटर बाटलीत एक पुडी जरूर घ्यावी. रोजची सवय नको, आणि चाळिशी ओलांडली असेल तर आधी एकदा बीपी मोजून घ्यावं, पुष्कळांना ते आहे हे माहीतच नसतं. पुडीच्या जोरावर भर दुपारी वावरात राहण्यापेक्षा अकराला घरी येऊन चारला परत गेलेलं बरं. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर ते पुडीचं प्रकरण राहत नाही: सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा. खिशातला कांदा खिशातच राहू द्या, त्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर वेळ घालवू नका.

तर पुडी फेकू नका. चार-पाच मोठ्या पुड्या कोरड्या डब्यात ठेवा, मुदत पाहून. संपल्या की आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून आणा. त्या डब्यातच लिटरची रिकामी बाटली आणि एक चहाचा चमचाही ठेवा, आणि गंजावरची रेघ आजच मारून घ्या. रात्री दोन वाजता नेलपॉलिश सापडत नाही.